‘आभा’ वापरून दोन वर्षं : केसपेपरच्या खिडकीतून

मिरजेच्या एका रुग्णालयात मी २१ वर्षं केसपेपर काढते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या एकाच ठिकाणच्या नाहीत आणि माझ्या सहकाऱ्यांना त्याचा त्रास व्हावा असं मला वाटत नाही. आमच्याकडे जत, कवठे महांकाळचे पेशंट येतात तसे हद्दीपलीकडून अथणी, रायबागचेही येतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची किंवा खताची. त्यात दहा वर्षांचे कागद कोंबलेले. डॉक्टरांना हवा असतो त्यातला एकच, आणि नेमका तोच घरी राहिलेला असतो.

म्हणून ‘आभा’ आलं तेव्हा मी मनापासून आनंदले होते. दोन वर्षं ते दोन्ही बाजूंनी वापरतेय, खिडकीच्या आत कर्मचारी म्हणून आणि बाहेर आईची मुलगी म्हणून. आधीच सांगते, सेवा चांगली आहे, फुकट आहे, प्रत्येकानं घ्यावी. पण ती नुसती घेऊन भागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, तुमच्या आरोग्याच्या खात्याचा १४ अंकी क्रमांक. बँकेच्या खात्यासारखं खातं म्हणा हवं तर, फक्त यात पैशाऐवजी रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्डं दिसतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात याची कल्पना होती, २०१९ मध्ये आराखडा झाला, १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत आधी करून पाहिलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावानं ते देशभर सुरू झालं. पहिल्यांदा याला हेल्थ आयडी म्हणत, २०२२ पासून आभा म्हणायला लागले. आज ७० कोटींच्या वर आभा क्रमांक निघालेत.

हा आकडा मोठा आहे. पण क्रमांक निघणं आणि त्याच्यामागे कागद जोडले जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला शिकवलं गेल्या वर्षीच्या भाऊबीजेनं.

आई दिवाळीला भावाकडे पुण्याला गेली होती. वय झालेलं, मधुमेह जुना, किडनीचं दुखणं तीन-चार वर्षांचं. भाऊबीजेच्या रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला, बाथरूममधून येताना ती खाली बसली ती उठेचना. भाऊ आणि वहिनीनं जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन २.६ आलं. किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘आधी किती असायचं?’

हा प्रश्न साधा वाटतो, पण पुढचं सगळं त्याच्यावर असतं. आधीचं १ असेल तर किडनीला आत्ताच मोठा दणका बसलाय. आधीचंच २.५ असेल तर ते जुनं दुखणं आहे, आजचा ताप वेगळा शोधायचा. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पिशवी कवठे महांकाळला, कपाटात. वहिनीनं मला फोन केला. मी म्हटलं, आईच्या मोबाइलमध्ये आभाचं ॲप आहे, ते उघडा.

उघडलं. मिरजेतल्या ज्या लॅबमध्ये आईच्या तपासण्या होतात, ती लॅब आभाला जोडलेली आहे. तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट समोर आला, क्रिएटिनिन १.८. वहिनीनं मोबाइल तसाच डॉक्टरांच्या हातात दिला. ते म्हणाले, ‘म्हणजे मूळचं १.८ आहे आणि त्यावर हे चढलंय.’ लघवीत जंतुसंसर्ग सापडला, सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू झालं, पाचव्या दिवशी आकडा १.९ वर आला. मी मिरजेत, आईचा रिपोर्ट मिरजेत, पेशंट पुण्यात, आणि रात्री पावणेबाराला तो कागद डॉक्टरांपुढे. २१ वर्षांत मी अशी सोय पाहिली नव्हती. यासाठी त्या ॲपला द्याल तेवढे मार्क थोडे.

पण त्याच रात्री दुसरा प्रश्न आला. ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’

आईला २०२२ मध्ये आमच्याच रुग्णालयात ॲडमिट केलं होतं. तेव्हा सल्फाच्या गोळीनं तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं आणि डिस्चार्ज कार्डावर ते लाल पेननं लिहिलेलं होतं. ते कार्ड आमच्या कॉम्प्युटरमध्ये चढवलेलंही होतं. वहिनीनं ॲपमध्ये आमच्या रुग्णालयाचं नाव शोधून रेकॉर्ड मागवलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही. मला आठवत होतं म्हणून मी फोनवर सांगितलं. मला आठवलं नसतं, किंवा माझा फोन लागला नसता, तर?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ड्युटीवर गेले आणि पहिली तीच नोंद काढली. नाव बरोबर. मोबाइल नंबर बरोबर. वय, ७०.

आईच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५६. म्हणजे २०२२ मध्ये ती ६६ वर्षांची. ॲडमिट केलं तेव्हा रात्र होती, भाऊ सोबत होता, खिडकीवरच्या मुलानं विचारलं ‘वय किती?’, भाऊ म्हणाला ‘सत्तर टाका’. सॉफ्टवेअरनं सत्तर वजा करून जन्मसाल १९५२ धरलं. आभाचं ॲप रुग्णालयाला विचारतं तेव्हा मोबाइल, नाव, स्त्री की पुरुष आणि जन्मसाल एवढ्यावरून जुळणी होते. थोडासा फरक आमचं सॉफ्टवेअर चालवून घेतं. चार वर्षांचा घेत नाही, आणि घेऊही नये, नाहीतर एकाचं रेकॉर्ड दुसऱ्याला जाईल. त्यामुळे माझ्याच रुग्णालयाच्या कॉम्प्युटरनं माझ्या आईला ओळखलं नाही.

त्या मुलाला मी कशी बोलणार? मी स्वतः २१ वर्षं हेच करत आलेय. वय किती, पन्नास. वय किती, असेल की साठ-पासष्ट. रांग दारापर्यंत गेलेली, सिस्टर आतून हाका मारतायत, अशा वेळी कुणी जन्मसाल विचारत बसत नाही. आमच्या नोंदी काढून पाहिल्या तर साठीच्या पुढचे पेशंट साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर याच आकड्यांवर गोळा झालेले दिसतील. कागदाच्या जमान्यात त्यानं काही बिघडत नव्हतं. केसपेपर समोरच्या माणसाच्या हातात असायचा, माणूसच ओळख होता. आता दिल्लीत आखलेली योजना पुण्यात उपयोगी पडायची तर मिरजेच्या खिडकीवरचा तो दोन आकडी रकाना बरोबर हवा.

यावर उपाय आहे आणि तो याच सेवेत आहे, म्हणून मी हे इतकं लांबण लावून सांगतेय. रुग्णालयात गेल्यावर भिंतीवर किंवा खिडकीवर क्यूआर लावलेला असतो. आभाच्या ॲपमधून तो स्कॅन केला आणि माहिती पाठवायला होय म्हटलं की नाव, जन्मतारीख, पत्ता थेट आमच्या पडद्यावर येतं आणि तुम्हाला टोकन मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात आधी सुरू झाली, मग देशभर पसरली. लोक तिला रांग वाचवणारी सोय म्हणून ओळखतात. माझ्या लेखी तिचं मोल वेगळं आहे. तिथे मला काही टाइप करावं लागत नाही. अथणीच्या एखाद्या आजींचं कानडी नाव मी माझ्या मराठी कानानं ऐकून इंग्रजीत लिहायचं, मग पुढच्या खेपेला दुसरीनं वेगळं लिहायचं, हा प्रकारच संपतो. जुन्या लोकांच्या आधारवर सर्रास १ जानेवारी असते, खरा दिवस कुणालाच ठाऊक नसतो. तरी चालतं. तीच तारीख सगळीकडे असली की जुळणी होते.

पुण्याच्या त्याच हॉस्पिटलनं दुसऱ्या दिवशी आईच्या आभावर संमतीची विनंती पाठवली. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कुणीतरी नीट विचार करून बांधलाय. पडद्यावर लिहून येतं, कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कुठल्या प्रकारचे कागद मागतंय, म्हणजे चिठ्ठ्या, तपासण्या की डिस्चार्ज कार्ड, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी कधी संपणार. वहिनीनं मला एकेक ओळ वाचून दाखवली. आम्ही दोन वर्षांपुरतं आणि फक्त तपासण्यांचं होय म्हटलं. नको असेल तर नाही म्हणता येतं, दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. आणि हे कागद दिल्लीत कुठल्या एका मोठ्या कपाटात साठवलेले नसतात. लॅबचा रिपोर्ट लॅबकडेच, डिस्चार्ज कार्ड रुग्णालयाकडेच. तुम्ही होय म्हटलंत की तेवढाच कागद कुलूपबंद होऊन मागणाऱ्याकडे जातो.

ही रचना निवडली हे फार बरं झालं. इंग्लंडनं २००२ मध्ये सगळ्या रुग्णालयांसाठी वरून एकच व्यवस्था बसवायचा घाट घातला होता. अब्जावधी पौंड खर्च झाले, डॉक्टरांनी ती आपली मानली नाही आणि २०११ मध्ये सरकारनंच तो कार्यक्रम मोडीत काढला. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस तिथली ओपीडी कागदावर चालवावी लागली. अख्ख्या देशाचे रिपोर्ट एकाच ठिकाणी असते तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. पण याची दुसरी बाजू अशी, की आता प्रत्येक लहान रुग्णालयानं आपापलं कुलूप सांभाळायचं आहे. ओपीडीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला मी पाहिलाय. तिथे संमतीचा पडदा कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

संमतीवरून एक गोष्ट मला बोलायचीच आहे. आभा ऐच्छिक आहे. कुणी नको म्हटलं तर उपचार थांबवता येत नाहीत. पण मी एका शिबिरात बसले होते, तिथे एका दिवसात किती क्रमांक निघाले यावर सगळं मोजलं जात होतं. रांगेतल्या बाईला एवढंच सांगायचं, ‘आधार द्या, ओटीपी सांगा.’ ती ओटीपी सांगते, पुढे सरकते. तिच्या नावावर खातं निघालं, त्याचा पत्ता (म्हणजे खात्याचं ईमेलसारखं नाव) काय, ते उघडायचं कसं, तिला काहीच सांगितलेलं नसतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा ‘ओटीपी सांगा’, पुन्हा नवा पत्ता. मग निम्मे रिपोर्ट एकीकडे, निम्मे दुसरीकडे. आईचंही असंच झालं होतं, एक पत्ता लसीकरणाच्या वेळचा आणि एक शिबिरातला. ते निस्तरायला माझ्या दोन रविवारच्या दुपारी गेल्या. मी या कामातली असून दोन दुपारी गेल्या, तर जतच्या वाडीवरच्या माणसानं काय करावं? शिबिरं घ्या, पण एका माणसाला पाच मिनिटं द्या. त्याच्या मोबाइलवर त्याच्याच बोटानं ॲप उघडून दाखवा. दिवसाला तीनशेऐवजी साठ होतील. ते साठ वापरतील तरी.

दुसरी गोष्ट नावाची. आयुष्मान भारत म्हटलं की लोकांना पाच लाखांचा विमाच आठवतो. मागच्या महिन्यात एक आजोबा आभा कार्ड लॅमिनेट करून घेऊन आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. कार्ड काचेवर ठेवून म्हणाले, ‘ताई, यावर फुकट होतंय ना?’ मी त्यांना सांगितलं की बाबा, विम्याचं आयुष्मान कार्ड वेगळं, ते पात्र कुटुंबांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना मिळतं. हे फक्त कागद सांभाळायचं कार्ड. त्यांनी ते हळूच उचलून परत खिशात ठेवलं. त्यांचं वय सत्तरच्या वर होतं म्हणून मी त्यांना दुसऱ्या खिडकीवर घेऊन गेले आणि विम्याचं कार्ड काढायला लावलं. पण दोन्ही गोष्टींचं आडनाव एकच ठेवल्यामुळे असं रोज होतं, आणि रोज कुणाचा तरी चेहरा पडतो. नाव निराळं हवं होतं.

आता रुग्णालयाच्या आतली बाजू. सॉफ्टवेअर जोडायचे तीन टप्पे असतात, आमच्यात त्यांना एम-वन, एम-टू, एम-थ्री म्हणतात. पहिल्यात रुग्णालय आभा क्रमांक काढतं आणि तपासतं. दुसऱ्यात ते आपले कागद पेशंटच्या आभाला जोडतं. तिसऱ्यात दुसरीकडचे कागद संमतीनं मागवून डॉक्टरांना दाखवतं. आमच्याकडे वर्षभर गाडी पहिल्याच टप्प्यावर उभी होती. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणायचा पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात. बाहेर मात्र ‘आभा सुविधा उपलब्ध’ असा बोर्ड लागलेला. तुम्ही कुठे गेलात आणि तिथे असा बोर्ड दिसला तर एकच विचारा, ‘माझा रिपोर्ट माझ्या ॲपमध्ये दिसेल का?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा पहिलाच टप्पा आहे.

जानेवारी २०२३ पासून सरकारनं ठरावीक संख्येच्या वर जोडलेल्या नोंदींमागे रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना प्रोत्साहनाची रक्कम द्यायला सुरुवात केली. त्यानं हालचाल झाली हे खरं, आमचाही दुसरा टप्पा त्यानंतरच पुरा झाला. माझी चिंता एवढीच आहे की नोंद जोडली हे मोजलं जातं, नोंदीत काय आहे हे नाही. डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून जोडला की तीही नोंदच. तो फोटो माणसाला कसाबसा वाचता येतो. पण ‘सल्फाची ॲलर्जी’ हे त्यात कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि पुढचा डॉक्टर सल्फा लिहील तेव्हा कॉम्प्युटर ओरडणार नाही. लॅबचे रिपोर्ट आकड्यात येतात म्हणून ते चटकन उपयोगी पडतात, पुण्यात तसंच झालं. डिस्चार्ज कार्ड अजून मागे आहे. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही. सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर पेशंट तपासणारा डॉक्टर टाइप करत बसला तर पेशंटकडे बघणार कधी? त्यांच्या शेजारी लिहून घेणारं एक माणूस द्यायला हवं. त्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून जाणार, हे ठरल्याशिवाय डिस्चार्ज कार्डांचे फोटोच येत राहणार.

मार्क द्यायचेच तर ॲप आणि संमतीच्या रचनेला पाचपैकी साडेचार. लॅबच्या रिपोर्टांना चार. रुग्णालयांच्या जोडणीला, आमचं धरून, दोन.

आईचं वय मी रीतसर अर्ज करून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करून घेतलं. सोबत आधारची प्रत लावली, रेकॉर्ड विभागाच्या साहेबांची सही घेतली, एक आठवडा लागला. मग वहिनीनं पुण्याहून पुन्हा मागवून पाहिलं आणि २०२२ चं डिस्चार्ज कार्ड ॲपमध्ये आलं, लाल पेनच्या अक्षरांसकट. तुमच्या घरात कुणी जुना पेशंट असेल तर एवढं करा. ॲपमध्ये आपलं नेहमीचं रुग्णालय शोधून एकदा रेकॉर्ड मागवून बघा, सगळं ठीक चाललेलं असताना, दुपारच्या वेळी. सापडलं नाही तर खिडकीवर जाऊन आपलं जन्मसाल आणि मोबाइल नंबर काय लिहिलाय ते विचारा. दुरुस्तीचा अर्ज मागा. कुणी कुरकुर केली तरी मागा.

मी आता खिडकीवर ‘वय किती’ विचारायचं सोडलंय. आधार असेल तर त्यावरचं साल घेते, नसेल तर विचारते. परवा रायबागच्या एका मावशींना साल सांगता येईना. मी विचारलं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता? त्या म्हणाल्या, ‘नुकतंच लगीन झालं होतं, सतरा वर्षांची होते.’ १९६७ वजा सतरा. मी १९५० लिहिलं. मागच्या केसपेपरवर त्यांचं वय साठ होतं.